आरोपी या पदावर कायम

राजाभाऊ निफाडकर यांच्या प्रोबेशन विभागात बारा वर्षांत एकही आरोपी आला नव्हता, आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. आरोपीने तिथं यायचं कारणही नव्हतं. रास लफानच्या बाजूला देखभालीची कामं घेणाऱ्या त्या ठेकेदार कंपनीत प्रोबेशन म्हणजे नव्या माणसाचे पहिले सहा महिने. दोहातल्या मुशैरिब भागातल्या मुख्य ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, राजाभाऊ आणि त्यांची हैदराबादी सहायक अनम एवढाच विभाग. नवा माणूस लागला की सहा महिन्यांनी त्याच्या साहेबाकडून एक फॉर्म भरून यायचा, त्यावर राजाभाऊ सही करायचे आणि 'आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे, अभिनंदन' असं पत्र निघायचं. बारा वर्षांत त्यांनी कोणालाही कायम करायचं नाकारलं नव्हतं. नाकारायचा फॉर्मच नव्हता.

हे असंच निवृत्त होईपर्यंत चाललं असतं. पण कंपनीने एक सल्लागार बोलावला, आणि सल्लागाराने एकशे चाळीस पानांचा अहवाल दिला. त्याच्या त्र्याण्णवाव्या पानावर लिहिलं होतं : 'प्रगत देशांत खटला उभा राहण्यापूर्वी आरोपींवर प्रोबेशन विभाग देखरेख ठेवतो. आपल्या कंपनीत मात्र चौकशी पूर्ण होईपर्यंत आरोपी कर्मचारी नुसते काम करत असतात. ही गंभीर त्रुटी आहे.'

जनरल मॅनेजर जियादसाहेबांनी एवढंच पान वाचलं, कारण सल्लागाराने तेवढ्यालाच पिवळी चिठ्ठी लावली होती. मग त्यांनी कंपनीच्या विभागांचा तक्ता उघडला आणि त्यात त्यांना चक्क 'प्रोबेशन विभाग' सापडला. त्यांनी राजाभाऊंना वर बोलावून घेतलं.

"राजा, आपल्याकडे प्रोबेशन विभाग आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!"

"सर, तो नव्या लोकांसाठी..."

"आरोपीही नवाच असतो, हबीबी. आधी तो आरोपी नसतो."

"पण सर, त्याचे नियम, फॉर्म..."

"तुझ्याकडे फॉर्म आहेत. रविवारपासून चालू कर. यल्ला, लाग कामाला."

राजाभाऊ बिन महमूदमधल्या घरी आले आणि बूट काढता काढता बायकोला म्हणाले, "नमिता, आता म्हणे मी आरोपी सांभाळायचे."

"म्हणजे बढती झाली?"

"तसंच काहीसं."

"मग नाशिकला आईंना फोन करा. पण आरोपींचं नका सांगू. नुसतं 'देखरेख' म्हणा."

राजाभाऊ मनाने वाईट माणूस नव्हते. आयुष्यात त्यांनी कोणाचं जाणूनबुजून वाकडं केलं नव्हतं, आणि सरळ करायच्या भानगडीतही ते पडले नव्हते. दिलेलं काम नीट करायचं, वर 'होतंय सर' म्हणायचं आणि शुक्रवारी दुपारी झोपायचं, अशी त्यांची राहणी. त्यांनी नव्या कर्मचाऱ्याचा जुना फॉर्म संगणकावर उघडला आणि 'नवीन कर्मचारी' या शब्दांच्या जागी सगळीकडे 'आरोपी' घालायचा हुकूम संगणकाला दिला. चार सेकंदांत नियमावली तयार झाली. 'आरोपीने नवीन वातावरणाशी जुळवून घेतले आहे काय?' 'आरोपीमध्ये पुढाकार घेण्याची वृत्ती दिसते काय?' 'आरोपीला आणखी कोणते सहकार्य लागेल?' अनमने वाचून भुवया उंचावल्या. राजाभाऊ म्हणाले, "वाचतंय कोण?" आणि फॉर्म मंजुरीला वर पाठवला. तो अकरा मिनिटांत मंजूर होऊन आला.

पहिला आरोपी फेब्रुवारीतल्या एका रविवारी हजर झाला. सेहेचाळीसेक वर्षांचा, उन्हाने रापलेला, कंपनीचा निळा डगला स्वच्छ धुऊन घातलेला. तो दारातच उभा राहिला.

"नाम?" राजाभाऊंनी हिंदीत विचारलं.

"निवृत्ती ज्ञानोबा घोळवे."

राजाभाऊंनी चष्मा काढला. "अहो, मराठी! कुठले?"

"केजकडचा साहेब. बीड जिल्हा."

"बसा, बसा. अनम, दोन कडक चहा सांग." राजाभाऊंना खरंच आनंद झाला. घरी मुलगी नुपूर मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. ऑफिसात तर मराठी ऐकायलाच मिळत नसे. "काय गुन्हा केलात तुम्ही?"

"गुन्हा न्हाई केला साहेब. लिवलं."

"काय लिहिलंत?"

निवृत्ती परांची बांधणारा होता. लोखंडी पाइप एकमेकांत अडकवून वीस-पंचवीस मीटर उंच मांडणी उभी करायची आणि त्यावर फळ्या टाकायच्या, हे त्याचं काम. जानेवारीत त्याच्या टोळीतल्या बारा जणांना एक ट्रेनिंग होती. कोणी वरून घसरून कमरेच्या पट्ट्याला लटकला, तर त्याला खाली कसं आणायचं याची. वेळ चार तास. ट्रेनर आला, त्याने भिंतीला कापडी फलक लावला, बारा जणांना अंगठे वर करायला सांगून फोटो काढला, प्रत्येकाला समोशाचं एक खोकं दिलं आणि तो निघून गेला. मग रजिस्टर फिरलं. अकरा जणांनी सह्या केल्या. निवृत्तीने सहीच्या रकान्यात मराठीत लिहिलं, 'ट्रेनिंग झाली नाही', आणि खाली स्वतःचं नाव टाकलं.

"अहो, पण कशाला लिहायचं ते?" राजाभाऊ कळवळून म्हणाले. "समोसा खाल्लात ना?"

"खाल्ला. त्याचं कुठं न्हाई म्हनलं?" निवृत्ती म्हणाला. "साहेब, आदल्या कंपनीत आमाला ही ट्रेनिंग दिल्ती. माणूस खरोखर लटकवला होता धा मिन्टं. मीच होतो त्यो. पाय मुंग्या येऊन दगड झाल्ते. लटकलेल्या माणसाला जास्त येळ न्हाई ऱ्हात साहेब, रगत पायातच साचतं. तवा मला म्हाईत हाये ट्रेनिंग कशी असती. मनून लिवलं."

आरोपपत्रात मात्र ट्रेनिंगचा उल्लेख नव्हता. आरोप होता 'नियंत्रित सुरक्षा दस्तऐवजात अनधिकृत भाषेचा वापर'. त्या भाषेत नेमकं काय म्हटलं आहे हे अधिकृतपणे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत चौकशी सुरू होऊ शकत नव्हती. भाषांतर प्रमाणित भाषांतरकारानेच करायचं होतं. भाषांतराच्या अर्जात भाषा यादीतून निवडायची होती, आणि यादीत माल्टीजनंतर थेट मंगोलियन होती.

राजाभाऊंनी ते पान हातात घेतलं आणि एका नजरेत वाचलं. तीन शब्द तर होते. त्यांनी जियादसाहेबांना फोन केला. "सर, मी वाचू शकतो. माझी मातृभाषाच आहे."

"तू प्रमाणित आहेस?"

"नाही सर."

"मग तू वाचलेलं नाहीस," जियादसाहेब म्हणाले.

अनमने शेवटी यादीतली सर्वांत जवळची भाषा म्हणून मंगोलियन निवडली. तीन आठवड्यांनी एका प्रमाणित भाषांतरकाराचं उत्तर आलं : 'ही मंगोलियन नव्हे.' राजाभाऊंनी ते फाइलला लावलं आणि प्रगतीच्या रकान्यात लिहिलं, 'तपास एका भाषेने पुढे सरकला.'

देखरेखीच्या अटी साध्या होत्या. चौकशी होईपर्यंत आरोपीने जमिनीपासून एक मीटरपेक्षा वर चढायचं नाही. रजा घ्यायची नाही. राजीनामा द्यायचा नाही, कारण चौकशी प्रलंबित असलेल्याचा राजीनामा स्वीकारता येत नाही. आणि दर रविवारी दहा वाजता मुशैरिबला हजेरी द्यायची. परांची बांधणाऱ्याला यार्डात सामानाच्या खोलीत बसवलं. तिथं तो नटबोल्ट मापाप्रमाणे लावत बसे.

"साहेब, रजेचं तेवढं बघा," तो दुसऱ्या रविवारी म्हणाला. "लेक बाळंत झाली. अंबिका. मुलगा झाला. बारशाला जातो मनून कबूल केलंय."

"होईल होईल. बारशाच्या आत नक्की," राजाभाऊ म्हणाले. त्यांना तसं खरंच वाटत होतं.

रविवार हा कामाचा दिवस. खोरच्या कामगार-कॅम्पातून बसने लुसैल, तिथून मेट्रोने मुशैरिब, एक सही, आणि तसंच परत. निवृत्तीचा दिवस त्यातच जाई. यार्डाच्या हजेरीयंत्राने पाच रविवार त्याची गैरहजेरी मोजली आणि पाचव्या रविवारी आपोआप दुसरं आरोपपत्र छापलं : 'सवयीची गैरहजेरी'. राजाभाऊंनी ताबडतोब दाखला दिला, की आरोपी त्या वेळी माझ्यासमोर बसून चहा पीत होता. यार्डाने दाखला परत पाठवला. शेरा होता, 'एका प्रकरणातील हजेरी दुसऱ्या प्रकरणातील गैरहजेरीस ग्राह्य धरता येत नाही.' दोन आरोप असलेल्या माणसाला नियमावलीप्रमाणे आठवड्यातून दोनदा हजेरी लागते. म्हणून निवृत्ती रविवारी आणि बुधवारी येऊ लागला आणि त्याची गैरहजेरी दुपटीने वाढली.

बारसं झालं. निवृत्तीने ते राजाभाऊंच्या टेबलासमोर बसून फोनवर पाहिलं. पाळणा, बायका, मध्येच हललेला पडदा. राजाभाऊंनी अनमला पेढे आणायला पाठवलं. तिला पेढे मिळाले नाहीत, तिने बकलावा आणला. निवृत्तीची बायको पारूबाई फोनवरून विचारत होती, "तुमी कुठं बसलाव? लई भारी हापिस दिसतंय." निवृत्ती म्हणाला, "साहेबांकडं आलोय." खोटं काही नव्हतं त्यात.

इकडे विभागाची भरभराट होत होती. 'आरोपी-हजेरी : शंभर टक्के' असा आलेख राजाभाऊंनी काढला. ज्या बड्या कंपनीची कामं ही ठेकेदार कंपनी करायची, तिच्या तपासनिसांनी तो पाहून 'आदर्श पद्धत' असं लेखी दिलं. राजाभाऊंना फिरती खुर्ची आली. दारावर पितळी पाटी आली. आणि मग जियादसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, की एवढ्या मोठ्या विभागात एकच आरोपी कसा? त्याचा परिणाम लगेच दिसला. मे अखेरपर्यंत आरोपी तेवीस झाले. एका ड्रायव्हरने कंपनीच्या फाटकात हॉर्न वाजवला होता. एका खानसाम्याने तपासनिसाच्या ताटात लोणचं वाढलं होतं. एकाने तर 'माझ्याविरुद्ध काही आहे का?' असं विचारलं होतं, आणि हे विचारणंच संशयास्पद ठरलं.

अशा विभागात प्रकरणं मिटवणं हे नुकसानीचं काम असतं, हे राजाभाऊंना कोणी सांगावं लागलं नाही. ते आपोआप कळतं. जूनमध्ये एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, की पुण्यातल्या एका प्रमाणित मराठी भाषांतरकाराचा पत्ता आहे माझ्याकडे. राजाभाऊंनी तो लिहून घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि ती पँट धुवायला गेली. मुद्दाम नव्हे. पण त्यांनी पत्ता पुन्हाही विचारला नाही.

बुधवारचा चहा मात्र चुकत नसे. निवृत्ती केजच्या गोष्टी सांगे, राजाभाऊ नाशिकच्या. एकदा नमिताने थालीपीठं डब्यात दिली. निवृत्तीने अर्धं खाल्लं आणि अर्धं रुमालात बांधून घेतलं.

"कोणासाठी?"

"रामेश्वरसाठी. आमच्या खोलीतलं पोरगं हाये, परभणीकडचं. पोरगं म्हंजे, तीस वर्साचं हाये. त्याची सही रजिस्टरात पहिली. लई सरळ. साहेब म्हनले सही कर, केली त्यानं."

"बघा. तुम्हीही केली असती तर?"

निवृत्तीने थोडा विचार केला. "तर मीबी वर असतो," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये नातवाचं उष्टावण झालं, तेही फोनवर. त्याच आठवड्यात निवृत्तीला एक बंद लिफाफा मिळाला. तो घेऊन तो धावतच आला. रजा मंजूर झाली असं त्याला वाटलं होतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून तो राजाभाऊंच्या समोर धरून उभा राहिला. राजाभाऊंनी वाचलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सहा महिने पूर्ण झाल्यावर संगणकाने आपलं काम केलं होतं.

'प्रिय श्री. घोळवे, आपण प्रोबेशनचा कालावधी समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याबद्दल आपणांस आरोपी या पदावर कायम करण्यात येत आहे. अभिनंदन. या पदावर आपण दीर्घकाळ उत्तम कामगिरी कराल असा आम्हांस विश्वास वाटतो.' खाली सही होती. राजाभाऊंचीच, छापील.

"काय मनतंय साहेब?"

"काही नाही. ऑफिसचं आहे. तुमचं... रेकॉर्ड चांगलं आहे म्हणतात."

"मंग सोडत कामून न्हाईत?"

राजाभाऊंनी पत्र रद्द करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की कायम नेमणूक रद्द करायची तर आधी त्या व्यक्तीविरुद्ध चौकशी पूर्ण झालेली असली पाहिजे.

मग सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी साडेआठला, यार्डात रामेश्वरच्या पायाखालची फळी सरकली आणि तो पट्ट्याला लटकला. जमिनीपासून सोळा मीटरवर. पट्ट्याने त्याला वाचवलं होतं. आता पट्ट्यातून त्याला वाचवायचं होतं. खाली दहा जण उभे होते, दहाही प्रशिक्षित, सह्यांसकट. त्यांनी वर पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. सुपरवायझरने सुटकेची योजना असलेलं कपाट उघडायचा प्रयत्न केला. किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे होती, आणि तो दोहातल्या एका हॉटेलात सुरक्षेचं बक्षीस घ्यायला गेला होता. रामेश्वर आधी ओरडत होता. नंतर तो नुसता "पाय... पाय..." एवढंच म्हणू लागला. नंतर तेही थांबलं.

सामानाच्या खोलीतून निवृत्ती बाहेर आला. त्याने वर पाहिलं, खांद्यावर दोर टाकला आणि चढला. एक मीटरची अट त्याने पहिल्या दोन सेकंदांत मोडली. वर जाऊन रामेश्वरच्या पायात दोराचा फास अडकवून आधी त्याला त्यावर उभं केलं, गाल थोपटले, दुसरा दोर पाइपवरून घेऊन त्याला बांधलं, आणि खालच्या दहा जणांना ओरडून ओरडून सांगत सावकाश खाली सोडलं. जमिनीवर आडवं न करता बसवायला लावलं. रुग्णवाहिका आली तेव्हा रामेश्वर डोळे उघडून पाणी मागत होता.

दुपारी दोन वाजता तिसरं आरोपपत्र निघालं : देखरेखीच्या अटीचा भंग, उंची सोळा मीटर.

राजाभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटावासा वाटला. ते जिन्याने वर गेले; लिफ्टची वाट पाहिली असती तर राग उतरला असता. जियादसाहेबांच्या खोलीत दोन अधिकारी आधीच बसले होते, आणि टेबलावर ते जानेवारीतलं रजिस्टर उघडं होतं.

"सर, त्या माणसाने जीव वाचवला!"

"हो ना. तीच अडचण आहे," जियादसाहेब म्हणाले. ते खरोखर चिंतेत दिसत होते. "बस राजा. तपासनीस विचारतायत, सुटका कोणी केली. आपण म्हणालो, आमच्या प्रशिक्षित माणसांनी. ते म्हणाले, नाव द्या. नाव द्यायचं तर या एकाचंच, आणि रजिस्टरात नेमकी त्याचीच सही नाही. सहीच्या जागी हे आहे." त्यांनी तीन शब्दांवर बोट ठेवलं. "परवापर्यंत भाषांतर हवंय. तुला आजपासून प्रमाणित केलंय. हे पत्र."

राजाभाऊंनी पत्र घेतलं. आठ महिने जे पुण्याहून किंवा मंगोलियाहून येऊ शकलं नव्हतं, ते जिना चढल्यावर मिळालं होतं.

"काय लिहिलंय त्याने?"

"ट्रेनिंग झाली नाही."

जियादसाहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं.

"कोणाची?" जियादसाहेबांनी हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"कोणाची झाली नाही? वाक्यात लिहिलंय का?"

"नाही सर. मराठीत तसं लिहायची गरज नसते."

"म्हणजे 'माझी ट्रेनिंग झाली नाही' असंही असू शकतं. खाली त्याचंच नाव आहे." जियादसाहेब पुढे झुकले. "हे बघ हबीबी. ट्रेनिंग झालीच नाही असं असेल, तर अकरा माणसं आज खाली उतरवावी लागतील, काम बंद, आणि कदाचित कंपनीही. तू, मी, अनम, सगळे. पण *त्याची* झाली नसेल, तर एका अप्रशिक्षित माणसाने अटी मोडून सुटका केली, एवढंच. बाकीचे दहा जण शिस्तीत ठरल्या जागी उभे राहिले, घाबरले नाहीत, वर चढले नाहीत. हेच प्रशिक्षणाचं यश. आणि तुझा माणूस? दोषी ठरेल. दोषी ठरला की नोकरीतून मुक्त, आठवड्यात विमानात. तुलाही तेच हवंय ना? निर्दोष असेल तर चौकशी करावीच लागेल. इन्शाल्ला, वर्षभर."

राजाभाऊ खाली आले तेव्हा नवं आरोपपत्र घ्यायला बोलावलेला निवृत्ती बाकावर बसला होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना दोराने सालपटं निघाली होती. राजाभाऊंनी दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

निवृत्तीने सोललेले तळवे डगल्याला पुसले.

"जावळ हाये साहेब पुढच्या म्हयन्यात," मग तो म्हणाला. "जायाचं तर हायेच मला. दोषी म्हना, काय म्हनायचं ते म्हना. उंचीवर चढलो, ते खरंच हाये. पन माझं लिवलेलं नगा बदलू. मी माझ्यापुरतं न्हाई लिवलं. माझी तर झाली होती ट्रेनिंग."

"अहो, पण एक शब्द आहे फक्त. तुमच्याच भल्याचा."

"व्हय. एकच हाये," निवृत्ती म्हणाला. "मनून तर सांगतोय."

त्या संध्याकाळी नमिताने विचारलं, "काय ठरलं तुमचं?" राजाभाऊ म्हणाले, "त्याला घरी पाठवायचं ठरलं." नमिताचे डोळे भरून आले. "बरं झालं बाई. किती दिवस नातवाचं तोंड पाहिलं नाही त्यानं."

सकाळी राजाभाऊंनी भाषांतर टाइप केलं. आधी त्यांनी तीन शब्द लिहिले होते तसे लिहिले आणि त्याकडे पाहत चहा संपवला. मग त्यांच्या आधी 'माझी' घातलं. इंग्रजीत तो शब्द फक्त दोन अक्षरांचा होतो. खाली सही केली. या वेळी छापील नव्हे, स्वतःच्या हाताची.

पुढे सगळं वेगाने झालं. आठ महिने न बसलेली चौकशी समिती चाळीस मिनिटांत उठली. निवृत्ती तिन्ही आरोपांत दोषी ठरला. ट्रेनरला यशस्वी प्रशिक्षणाबद्दल प्रशस्तिपत्र गेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी निवृत्ती शेवटची सही करायला आला. राजाभाऊंनी नातवासाठी चांदीचा वाळा आणून ठेवला होता. निवृत्तीने तो हातात घेऊन पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"असू द्या साहेब. आमच्याकडं वाळे मामाकडनं घालत्यात." मग दारापाशी थांबून म्हणाला, "रामेश्वरला तेवढं सांगा, पाय चोळत ऱ्हा मनावं. म्हयनाभर तरी."

राजाभाऊंना ते लागलं. पण दोनच दिवसांनी निवृत्तीच्या फोनवरून फोटो आला : गुळगुळीत डोक्याचा, रडणारा नातू आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेला आजा. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. राजाभाऊंना वाटलं, आपण केलं तेच बरोबर.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बिन महमूदमध्येच एका मित्राकडे श्रीखंडपुरीचा बेत होता. पुण्या-मुंबई-नाशिकची सतरा मंडळी, बहुतेक इंजिनिअर, त्यांतले दोघे तर मोठ्या प्रकल्पांवर सुरक्षेचे प्रमुख. राजाभाऊंनी हकीकत सांगितली. आता त्यांना ती सांगायला छान जमू लागली होती. मंगोलियनवर लोक हसले. 'आरोपी या पदावर कायम' ऐकून एकाला पुरीचा ठसका लागला. त्या पत्राची प्रत सगळ्यांना फोनवर हवी होती. मृणालिनी नावाच्या बाईंनी नातवाचा फोटो मोठा करून पाहिला आणि "किती गोड!" म्हणाल्या. नाव काय ठेवलं, निवृत्ती आता काय करतो, पारूबाई काय म्हणाल्या, सगळं विचारून झालं. शेवटी यजमान म्हणाले, "राजाभाऊ, शेवटी तुम्ही माणुसकी दाखवलीत." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या अकरा जणांना ती ट्रेनिंग मग दिली का, हे सतरांपैकी एकानेही विचारलं नाही. दिली नाही. रजिस्टरप्रमाणे ती झालेली आहे, आणि झालेलं काम पुन्हा करायची तरतूद नाही. रविवारी सहाच्या पाळीला ते अकराही जण परांचीवर चढले, रामेश्वरही. या वेळी खाली सामानाच्या खोलीत कोणी नव्हतं.

त्या सतरा जणांना नावं ठेवायला हरकत नाही. फक्त एवढं आठवून पाहा : तुम्हीही इतका वेळ जावळाचीच वाट पाहत होतात.